मागच्या ओळीतली रिकामी खोली

“ए बाई, तिथंच थांब. ओट्यावर टेकू नको.”

मालक खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. बाई थांबली. डोक्यावर बोचकं, अंगात आरशांची कांचळी, बंजारा बायकांची चोळी. ती माझी आई होती. आम्ही आईला याडी म्हणतो. मालकांना ठाऊक नव्हतं. मला होतं. आणि मी किल्ल्यांचा जुडगा धरून मालकांच्या शेजारी उभा होतो.

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

लोहाऱ्यात मालकांच्या भाड्याच्या खोल्यांच्या दोन ओळी होत्या. आधी त्यांचा कापसाचा व्यापार. कापूस वर्षामागून वर्ष बसत गेला, तसा त्यांनी पैसा काढून खोल्यांत घातला. “खोलीले बोंडअळी लागत नाही,” म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मी त्यांचा माणूस. भाडं आणायचं, नळ-लाइट पाहायचं, आणि गेटवर आलेला कोण आहे ते ओळखायचं. बोलण्यावरून, लुगड्यावरून, दाढीवरून. तांड्यातला दिसला, मुसलमान दिसला, की मी सांगायचो, “भरल्या सगळ्या.” माझं आडनाव असं, की त्यावरून जात कळत नाही. मालकांनी मला आपल्यातला धरलं. मी खोटं बोललो नाही. गप्प राहिलो. गप्प राहिलो म्हणूनच मला राहायला खोली मिळाली होती.

तांड्यात मात्र मी सांगून ठेवलं होतं, मी खोल्यांचा मॅनेजर आहे. त्याच भरवशावर याडी आली होती. तांड्याकडं शेतात त्या साली बोंडं उघडलीच नव्हती. तिला आणि बापूला, म्हणजे माझ्या बापाला, इथं कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं होतं. डोक्यावर छप्पर हवं होतं, एवढंच.

तिनं माझ्याकडे पाहून तोंड उघडलं. माझं नाव बाहेर पडायच्या आत मी बोललो.

“खोली नाही, बाई. पुढं पाहा.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला समजलं. ते समजताना मी तिचा चेहरा पाहिला.

“बरं, सायेब.”

बोचकं सावरून ती निघून गेली.

“एकीले देली का अख्खा तांडा तिच्या मांगं येते,” मालक म्हणाले. “तेवढं पाणी टाक तिथं.”

ती ओट्याला टेकलीही नव्हती. मी बादली आणली. पाणी टाकलं. खराट्यानं घासलंही.

दुपारी जिनिंगच्या भिंतीपाशी मला दोघं सापडली. पालासाठी प्लास्टिक बांधत होती. बापूनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“याडी,” मी म्हणालो.

“तुमी जा, सायेब. मालक पाह्यतीन.”

“इथं कोणी नाही.”

“सवय असली पायजे. तोंडातून निसटलं त तुयी नोकरी जाईन.”

ती रागानं बोलली असती तर मी सुटलो असतो.

हिवाळाभर ती दोघं त्या पालात राहिली. दिवसा सरकीची धूळ, रात्री थंडी. बापूचा खोकला वाढला. मी चोरून औषध नेऊन द्यायचो. मागच्या ओळीतली खोली सगळा हिवाळा रिकामी होती. किल्ली माझ्या खिशात होती. बापू त्या पालातच मेला.

बापूला पोचवून तांड्यावरून परत आलो तेव्हा मालक चहा पीत होते.

“कुठं गेलता बे, न सांगता?”

“बाप मेला.”

“अरेरे. कुठं?”

“जिनिंगच्या भिंतीपाशी. पालात. त्या दिवशी आलती ना बाई, ते माही आई होती.”

मालकांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“म्हंजे तुयी खोलीही धुवा लागन आता.”

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ अडली नाही.

“ओटा म्या धुतला. खोली तुमी धुवा.”

किल्ल्या त्यांच्या चहाशेजारी ठेवल्या आणि गेटबाहेर पडलो. यात शौर्य नाही. बाप मेल्यावर बोललो. तो जिवंत असताना बोलायचं होतं.

याडी आता माझ्याजवळ राहते. अजून मला सायेब म्हणते. जेवायला हाक मारतानाही. मी माफी मागितली नाही. कोणत्या तोंडानं मागू?

कर्ज काढून मी चार खोल्या बांधल्या. मीही आता मालक आहे. दलाल फोनवर विचारतो, “काका, कोणते लोक चालतीन?” येईल त्याला मी आधी माझा तांडा सांगतो. त्याची जात विचारत नाही. मागच्या महिन्यात एका मुसलमान मेकॅनिकच्या कुटुंबाला खोली दिली, तर वरच्या खोलीतले भाडेकरू मास्तर म्हणाले, “मग आम्हाला सोडावी लागेल.” मी म्हणालो, “सोडा.” मास्तरांची खोली अजून रिकामी आहे. बँकेचा हप्ता डोक्यावर आहे. असू दे.

मुलाला समोर बसवून सांगितलं आहे. माझ्यामागं या खोल्या तुझ्या. पण ज्या दिवशी माणूस ओळखून त्याला गेटवरून परत पाठवशील, त्या दिवसापासून बापाच्या जागी माझं नाव लावायचं नाही.

तो म्हणाला, “एवढं काय त्यात, बाबा?”

हे त्याच्यासाठी लिहिलं आहे.