बिनपगारी सुई

लॅबचा कोर्स पास झाले तेव्हा वाटलं, हिंगोलीत पाय ठेवला की नोकरी. कसलं काय! जिथं जावं तिथं एकच प्रश्न, “अनुभव आहे का?” अहो, कुणी कामावर घेतल्याशिवाय अनुभव काय झाडाला लागतो? शेवटी रक्त तपासणीची लॅब चालवणारे एक सर म्हणाले, “शिकायला ये. पगार मात्र नाही.” मी हो म्हणून मोकळी झाले.

घरी सांगितलं तर माय कडाडली. “काहून गं? आपल्या हळदीत येणाऱ्या बायांनाबी रोज द्यावा लागतो. तुजा सर लईच हुशार निघाला की!” बाबा एवढंच म्हणाले, की हळद विकली जाईस्तोर जा, मग पाहुणे बघायला बोलावू. म्हणजे तेवढ्यात पगाराची नोकरी मिळवायची, नाहीतर नटूनथटून पोहे घेऊन जायचं. माझा तर जीवच टांगणीला लागला.

आमच्या डोंगरकडा गावाहून हिंगोलीला रोज एसटीनं जायचं-यायचं. माझ्याबरोबर गावातली आणखी एक पोरगी शिकायला होती, माझ्यापेक्षा हुशार. तिच्या घरी मेंढरं आणि कमावणारा बाप एकटाच. रोजचं भाडं आणणार कुठून? थोड्याच दिवसांत ती यायची बंद झाली. मला अजून त्याचा संताप येतो. फुकट शिकायलासुद्धा घरी काहीतरी असावं लागतं, हे कुणी बोलत नाही.

खोटं कशाला बोलू, शिकलेही खूप. मशीन कसं लावायचं, नमुना खराब झालेला कसा ओळखायचा, रडणाऱ्या लेकराला कसं गप्प करायचं. पण सुई काही हातात येईना. पेशंट मला बघून हात मागं घ्यायचे. सर म्हणायचे, “कुणी राजीखुशीनं हात दिला तर घे रक्त, मी उभा राहतो.” हे मी घरी बोलले, तर माय म्हणाली, “मंग माजा हात हाये ना!”

दुसऱ्या दिवशी खरंच आली. खुर्चीत ऐसपैस बसली, हात पुढं केला. हळद काढून-काढून कोपरापर्यंत पिवळा झालेला. मी पट्टा बांधला, बोटानं चाचपलं, शीर कुठंच लागेना. सर मागं उभे, बाकावरचे पेशंट माना वर करून बघतायत.

“टोच की,” माय म्हणाली. “मी काय काचेची हाये?”

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. “माय, सकाळपासून पाणी प्यालीस का?”

“न्हाई बाई. एसटीतून मधी लघवीला कुठं उतरायचं?”

बरोबर! मीही तेच करायची. बाईमाणसाला प्रवासात दुसरा इलाजच नसतो. पट्टा सोडला, तिला दोन पेले पाणी पाजलं, हात खाली सोडून निवांत बसवलं. थोड्या वेळानं शीर बोटाखाली उसळली. सुई आत गेली आणि नळीत रक्त आलं. मला इतका आनंद झाला की डोळेच भरले.

“झालं व्हय?” म्हणत माय बाकाकडे वळली. “माजी लेक हाये. कळलंबी न्हाई मला!” त्या दिवसापासून लोक मला हात द्यायला लागले.

हळद पॉलिश होऊन पोत्यांत भरायला लागली तेव्हा मी पगार मागितला. आता तर निम्म्या पेशंटचं रक्त मीच घेत होते. सर म्हणाले, “फुकट यायला दहा पोरी तयार आहेत.”

“मग त्यांनाच बोलवा,” असं म्हणून मी बाहेर पडले. बोलले खरी, पण बसमध्ये बसल्यावर पाहुण्यांचे पोहे डोळ्यापुढं आले.

त्याच आठवड्यात कळलं, वसमतला एका दवाखान्यात लॅबसाठी माणूस हवाय. तिथल्या डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. एका थरथरत्या हाताच्या आजोबांना पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, “घ्या रक्त.” मी आजोबांच्या हाताखाली उशी दिली, त्यांच्याशी शेतातल्या गोष्टी केल्या आणि एकाच टोच्यात रक्त घेतलं.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “उद्यापासून या. सुरुवातीला शिकाऊ म्हणून, बिनपगारी...”

“सर, शिकून आलेय मी,” मी मध्येच बोलले. “पगार किती ते सांगा.”

आजोबा माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांनी एकदा नळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आकडा सांगितला. खरंच सांगितला!

मी म्हटलं, “उद्या सकाळी येते.”