सतरावी आंबोळी

लवू शिवलकर सायकल चालवायला लागले ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तेही डॉक्टरांच्या धाकाने. तीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरातून निघणाऱ्या मच्छीमारी बोटींवर त्यांनी इंजिन सांभाळलं. मग गुडघ्याने संप केला. डॉक्टर म्हणाले, चालू नका, पोहा नाहीतर सायकल चालवा. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या लवूकाकांना पोहता येत होतं, पण व्यायाम म्हणून पोहायचं ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटली. म्हणून त्यांनी पडवीतली जुनी काळी सायकल खाली काढली. मुलगा मुंबईला गेल्यापासून तिच्यावर जाळी वाळत पडलेली असायची.

"पाण्यात बुडला नाहीत, आता रस्त्यावर पडा," त्यांची बायको कमळाकाकू म्हणाली.

शहरातल्या हौशी सायकलवाल्यांचं 'रविवार मंडळ' पहाटे साडेपाचला भाट्याच्या पुलापाशी जमायचं आणि न्याहारीला पावस गावच्या टपरीपर्यंत जायचं. त्यात शिक्षक होते, औषधाच्या दुकानाचा मालक होता, कॉलेजची मुलं होती. सगळ्यांच्या सायकली बारीक टायरच्या, हलक्या, एका बोटावर उचलता येतील अशा. लवूकाकांची सायकल उचलायला दोन माणसं लागत. पहिल्याच फेरीत फणसोपची चढण त्यांनी सायकल हातात धरून पार केली. पावसला पोचले तेव्हा मंडळी खाऊन, हात धुऊन, फोटो काढून परतीला लागली होती. टपरीवर काका एकटेच बसले आणि गार झालेली आंबोळी खाल्ली.

दुसरा कोणी असता तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. काका पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी पुलावर हजर. मंडळाचा पुढारी मितेश, औषधाच्या दुकानाचा मालक, त्याला ते म्हणाले, "माझा शेवटचा नंबर कोण काय काढून घेत नाय. तर मग तो मलाच देऊन टाका. मी मागं राहीन, पंचर काढीन, कोण दमला तर त्याच्यासोबत थांबेन. पण एक सांगतो. मी पोचल्याशिवाय कोणी तोंडात घास घालायचा नाय. बंदरात सगळी माणसं उतरल्याशिवाय आमच्या बोटीचा म्होरक्या, तांडेल, घरची वाट धरीत नसे."

मितेश हसत म्हणाला, "म्हणजे काका, तुम्ही आमचं शेपूट."

"शेपूट तर शेपूट. गाय माश्या कशानं हाकलते?"

तेव्हापासून तो रिवाजच झाला. काकांनी बोटीवरचा जुना लाल बावटा कॅरिअरला काठी लावून बांधला. पिशवीत पंप, ठिगळं, पाने आणि सुंभाची दोरी. लाल बावटा वळणावर दिसला की टपरीवर एकच ओरडा उठे, "शेपूट आलं!" आणि तव्यावर आंबोळ्या पडत. नव्या माणसाला पहिला नियम शिकवत तो असा : काही बिघडलं तर जिथे आहेस तिथे थांब. शेपूट मागून येतंच.

याच नियमाच्या भरवशावर नेत्राने आपल्या सानवीला मंडळात घातलं. नेत्रा काकांच्याच आळीतली. नवरा मुंबईला नोकरीला, घरात या दोघीच. पोर पंधरा वर्षांची, आणि आईचं सगळं लक्ष तिच्यावर. सानवीला सायकल घेऊन देताना तिने हेल्मेट, कोपरांची कवचं, शिट्टी, दिवे, सगळं घेतलं, आणि शेवटी लवूकाकांच्या घरी येऊन बसली.

"काका, रस्त्यावर केवढाले डंपर असतात. मला रात्रभर झोप नाही. तुम्ही मागे असाल तरच पाठवते. माझी पोर तुमच्या हवाली."

"मागं टाकून येणार नाय," काका म्हणाले. "शब्द दिला."

"आता नळ दुरुस्त करायचा पण शब्द द्या," कमळाकाकूने आतून सांगितलं. "दुनियेची पंचरं काढतायत."

नेत्राचा एक नियम होता. रविवारी बरोबर साडेआठला ती सानवीला फोन करणार. सानवीच्या खिशातून फोन सारखा पडे, म्हणून तो काकांच्या पिशवीत असायचा.

पाच रविवार सुरळीत गेले. सहावा जानेवारीतला. हवेत गारवा होता आणि आंब्यांना मोहोर धरला होता. त्या दिवशी मंडळी सतरा होती. पहिल्या पाच फेऱ्या काकांच्या आगेमागे राहिलेल्या सानवीच्या पायांत आता बळ आलं होतं. गोळपच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, ती म्हणाली, "काका, मी पुढच्या मुलींना गाठते हां!" आणि काकांनी 'जा' म्हणायच्या आत वळणापलीकडे गेलीसुद्धा. काकांना बरं वाटलं. ते मागे एका शिक्षकांच्या चाकात हवा भरत बसले. पुढच्या मुलींना सानवी येतेय हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी ती नेहमीसारखी काकांपाशी होती.

काका आणि शिक्षक पावसला पोचले. "शेपूट आलं!" झालं. काकांनी सायकल दगडी गडग्याला टेकवली आणि नेहमीप्रमाणे मोजणी केली. बोटीवर माणसं मोजणं सोपं, पळून जाणार कुठे? इथे एक फोटो काढतोय, एक पाणी भरतोय, एक नारळाखाली उताणा. म्हणून अलीकडे काका माणसं सोडून सायकली मोजायला लागले होते. मोजल्या. सतरा. निवांत मनाने त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला.

आंबोळ्या आल्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं. दहा मिनिटं नुसतं खाणं चाललं. मग टपरीवाली हातात एक प्लेट घेऊन बाहेर आली. "ही कोणाची राहिली ओ?"

कोणीच हात वर केला नाही. रविवार मंडळात प्लेट उरली, असं आजवर घडलं नव्हतं. मितेशचा हात सवयीने पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"तुम्ही किती केल्या होत्या?" त्याने विचारलं.

"सतरा सांगितल्या, सतरा केल्या."

काका उठून गडग्याकडे गेले. या वेळी एकेका सायकलला हात लावून मोजलं. तिसरी सायकल लेडीज होती, पुढे टोपली, टोपलीत शाळेची वही.

"ती आमच्या मुलीची," टपरीवाली म्हणाली.

म्हणजे मंडळाच्या सोळाच निघाल्या, आणि मंडळींत सानवी नव्हती. आणि नेमकी तेव्हाच काकांच्या पिशवीत गाण्याची धून वाजायला लागली. साडेआठ वाजले होते. पडद्यावर 'आई' असं लिहून येत होतं.

"उचलू नका," मितेश घाईने म्हणाला. "आधी शोधू. असेल इथेच कुठेतरी. उगीच ती घाबरेल."

काकांनी फोनकडे बघितलं. बंदरावर वाट बघत बसलेल्या बायका त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. बातमी नसली की त्या काय काय मनात आणतात ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फोन उचलला.

"नेत्रा, मी लवूकाका. नीट ऐक. सानवी मागं राहिलीय. गोळपापर्यंत माझ्यासोबत होती, पावसला आली नाय. मी उलटा जातोय. चूक माझी हाय."

"मी निघाले," एवढंच पलीकडून आलं आणि फोन बंद.

काका बावट्यासकट उलटे फिरले. पावसची उतरण आता चढण झाली होती. जिथे ते नेहमी सायकल हातात धरत, तिथे आज ते बसूनच चढले. गुडघा काय म्हणत होता ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या मागे पंधराही जण अर्धवट आंबोळ्या टाकून निघाले. मंडळाच्या इतिहासात काका पहिल्यांदाच सर्वांच्या पुढे होते.

सड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक जांभ्याचा गडगा होता आणि त्यातून चार पायऱ्या खाली एका घराच्या अंगणात, खळ्यात, उतरत होत्या. काकांनी इथे सायकल थांबवली, कारण खालून कोणीतरी खळखळून हसल्याचा आवाज आला. डोकावले. खळ्यात सानवीची सायकल उलटी ठेवलेली, आणि शेजारी सुपात पावटे सोलत सानवी बसलेली. समोर एक म्हातारी.

"बघ गो, आला तुझा शेपूट!" म्हातारी म्हणाली.

"काका, किती उशीर!" सानवी म्हणाली. "चेन अडकली माझी. आवडाआजींकडे काठी मागायला सायकल घेऊनच खाली आले. मग हात धुतले. तेवढ्यात तुम्ही गेलात की काय?"

काका पायरीवरच बसले. "गेलो तर गेलो. मग कोणाच्या फोनवरनं कळवायचं ना गो!"

"मला पाठ एकच नंबर आहे, आईचा. तिला केला असता तर ती एकशे आठची ॲम्ब्युलन्स घेऊनच आली असती. आणि नियमच आहे ना, जिथे असाल तिथे थांबा. तुम्ही येणारच होतात."

त्या शेवटच्या वाक्याने काकांना जेवढं लागलं तेवढं शिव्यांनीही लागलं नसतं.

त्यांनी लगेच नेत्राला फोन लावला, पण ती स्कूटरवर होती. वाजून वाजून बंद झाला. मंडळी खळ्यात उतरली. मितेशने चेन सोडवली. आवडाबाईने सगळ्यांना बसवून घेतलं आणि प्रत्येकापुढे मूठमूठ पावटे टाकले. "आलात ते आलात, सोला. उंदरांसारखे रिकामे दात नका दाखवू."

अर्ध्या तासाने वर रस्त्यावर स्कूटरचा ब्रेक करकचला. नेत्राने गडग्याला ओळीने लावलेल्या सोळा सायकली बघितल्या असणार. काकांनी वर बघितलं तेव्हा ती पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती, चेहरा पांढराफटक. मग तिला सुपामागे सानवी दिसली. ती खाली आली, पोरीला घट्ट धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा धरलं.

काका उठले. वर जाऊन कॅरिअरचा बावटा सोडून आणला आणि त्यांनी तो मितेशपुढे धरला. "दुसरा कोणतरी बघा. शब्द देऊन पाळता येत नाय तर हे मिरवायचं कशाला?"

मितेशने हात मागे घेतले. बाकीचे माना खाली घालून पावटे सोलत राहिले.

नेत्रा म्हणाली, "काका, साडेआठला कोणी फोन उचलला नसता ना, तर मी त्या पुलावरून कशी आले असते देव जाणे. तुम्ही सांगितलंत म्हणून गाडी नीट चालवली." बावटा तिने त्यांच्या हातातून घेतला, उलटसुलट करून बघितला. "ई! धुतलाय कधी हा?"

"बोटीवर होता तेव्हा. लाटांनी."

"असू दे माझ्याकडे," म्हणत जाताना तिने तो स्कूटरच्या डिकीत टाकला. तो परत मिळणार की नाही, हे विचारायचं काकांना धाडस झालं नाही.

तो आठवडा त्यांनी नळ दुरुस्त करण्यात घालवला. कमळाकाकू घाबरली, माणूस आजारी तर नाही?

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवूनही काका साडेपाचला पुलावर होते. सानवी आली. तिच्या मागे, डगमगत, सानवीची लहानपणीची सायकल सीट उंच करून चालवत नेत्रा आली. डोक्याला हेल्मेट, कोपरांना कवचं, गळ्यात शिट्टी. तिने पिशवीतून बावटा काढला. धुतलेला, कडक इस्त्री केलेला, मधोमध घडीची रेघ.

"बांधा," ती म्हणाली. "आणि आजपासून माणसं मोजायची. सायकली नाहीत."

"आणि पावसला प्लेटी," मितेश म्हणाला. "माझं पोट आहे तपासणीला."

मंडळी निघाली. फणसोपच्या चढणीवर नेत्रा सायकल हातात धरून चालू लागली. काकाही उतरले.

"तू पुढं हो, बाय."

"मी नाही होणार. तुम्ही व्हा."

"शेपटाच्या मागं कोण असतो काय?"

"आई असते," नेत्रा धापा टाकत म्हणाली.

गोळप सोडल्यावर ती प्रत्येक गडग्यापाशी थांबून आत डोकावत होती. काकाही थांबत होते. पुढे पावसला मितेश घड्याळ बघत असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. आवडाबाईच्या पायऱ्यांशी दोघं वाकून बघू लागले, तशी खालून म्हातारी ओरडली, "कोण नाय राहिला हो हितं! जावा, ती पोरं उपाशी मरतील!"