सडा टाकलेली जागा

मे महिन्यातल्या एका सोमवारी आमचं घर पाडलं. ते नाल्याकाठच्या सरकारी जागेवर होतं. वडील त्याआधीच गेले होते. मी आणि आई नेरला आलो आणि एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीशी राहू लागलो.

जूनच्या शेवटी आई मला एका शाळेत घेऊन गेली. सहावीत नाव घालायचं होतं. मुख्याध्यापकांनी रहिवासी दाखला मागितला. तो नव्हता.

"घर कुठं आहे?"

आई म्हणाली, "स्टँडच्या भिंतीपाशी, सर. रोज सडा टाकतो मी. रांगोळी काढतो. येऊन पाहून घ्या न."

आईला तो पुरावा वाटत होता. जिथं सडा पडतो तिथं माणूस राहतो, एवढं तिने जन्मभर पाहिलेलं.

शेजारच्या खुर्चीत शाळेच्या समितीतले एक शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "मंग कंडक्टरचा दाखला आना ना, बाई. एसटी तुमच्या आंगनातूनच जाते."

मुख्याध्यापक हसले. शिपाई हसला. आईही हसली. काम होत आलं असं तिला वाटलं.

मला काहीच वाटलं नाही. मी तिच्या बोटांकडे पाहत होते. त्यांना सकाळची रांगोळी लागलेली होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "पत्ता नाही तर प्रवेश नाही. या आता."

स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे मी रोज उभ्याने पेपर वाचायची. दाखला नाही म्हणून माझ्या वयाच्या मुलाला शाळा नाकारता येत नाही, हे तिथंच वाचलं होतं.

मी म्हणाले, "सर, नाही म्हणता ते कागदावर लिहून द्या."

आता कोणी हसलं नाही. आईने माझा दंड धरला. "चाल वं पोरी."

मी हलले नाही.

त्यांनी लिहून दिलं नाही. मी तीन दिवस व्हरांड्यात बसले. चौथ्या दिवशी नाव घातलं. पत्त्याचा रकाना कोरा सोडला.

आज मी राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. घर नसलेलं मूल आलं की ते सांगेल तोच पत्ता लिहिते. पुलाखाली. कापसाच्या जिनिंगच्या शेडमागे. वरून कोणी हरकत घेतली की म्हणते, नाकारायचं तर लिहून द्या. अजून कोणी दिलेलं नाही. दिलं तर तो कागद घेऊन मी कोर्टात जाईन.

आई मागच्या चैत्रात गेली. तिचा रांगोळीचा डबा माझ्याकडे आहे. प्रवेशाचं रजिस्टर माझ्याकडे आहे.