ज्याला कुणाचाच हेवा वाटेना

ती घटना आठवली की मला आधी दिसते ती गाडी. पांढरी, रोज धुतलेली, पुढच्या काचेत ‘भारत सरकार’ अशी लाल पाटी. छत्रपती संभाजीनगरात आमच्या ठाण्याच्या हद्दीत, सिडकोतल्या एका गल्लीत ती उभी असायची. शेजारून जाणारी माणसं आपोआप आवाज खाली करायची. आमचे बीट अंमलदारसुद्धा.

मी तेव्हा त्या ठाण्यात पोलीस उपनिरीक्षक होते. पुढे लवकरच नोकरी सोडली. का, ते इथं महत्त्वाचं नाही. निवृत्त अधिकारी म्हणवून घेण्याचं माझं वय नाही, पण वर्दी उतरली की आठवणी सगळ्यांना सारख्याच येतात. नावं कुणाचीच देत नाही.

शुक्रवारची सकाळ होती. हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचे जुने हवालदार होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. हातात हेल्मेट घेऊन एक तिशीची बाई आत आली. चितेगावची, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमलंय. नवरा दिल्लीत लई मोठा साहेब हाय म्हणतेत. तुमच्याच हद्दीत ऱ्हातो, पाटीच्या गाडीत फिरतो. मला तो खोटा वाटतो.”

“कशावरून?”

“वाटतो.”

“तुमचं लग्न झालंय?”

“नाय.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “म्हंजे धाकटीचं आधी जमलं. व्हय ना? ताई, हे घरातलं हाय. घरी मिटवा.”

“व्हय, जळते मी,” ती म्हणाली. “लिहा तसं. घरात बी सगळे तेच म्हणतेत. पण माझ्या बहिणीची तलाठी म्हणून निवड झालीय. सोमवारी हजर व्हायचा शेवटचा दिवस हाय. अन् हा म्हणतो, होऊ नको हजर. होणाऱ्या सहसचिवाची बायको तलाठ्याचं काम करती का म्हणतो. तीच परीक्षा मी दिलती. पडले. थोडक्यात नाय, चांगलीच पडले. मला जी मिळाली नाय ती नोकरी ही हातची सोडायलीय. ते बघवत नाय मला.”

मी शेजारच्या टेबलावर होते. मला बोलायची फार सवय नाही, पण बघायची आहे. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. ती भारतीय प्रशासकीय सेवेत गेली. मी दोनदा परीक्षा दिली आणि पोलिसांत आले. तिची बदली झाली की मला कळायचं. तिनं कधी सांगितलं नाही, मीच शोधून वाचायचे. आधी उपविभाग, मग जिल्हा परिषद, मग जिल्हा. पुढे केंद्रात गेली तर उपसचिव, संचालक, सहसचिव. मध्ये पुन्हा राज्यात परत यावं लागतं. जो जिना मी चढणार नव्हते, त्याच्या पायऱ्या मला तोंडपाठ होत्या. जळणारं माणूस फार बारकाईनं बघतं. म्हणून त्या बाईची खबर मला टाकवेना.

आमच्या पोलीस निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

“मॅडम, हा खरा निघाला तर शिक्षा म्हणून मला कंट्रोल रूमला बसवतील. तुम्हाला माझ्याआधी.”

“गाडीवरच्या पाटीबद्दल विचारू, सर. तेवढं तर आपलं काम आहे.”

“चहाला बोलवा. चौकशी हा शब्द तोंडातून काढू नका.” त्यांनी पडताळणीसाठी दिल्लीला पत्र पाठवायला सांगितलं. उत्तर यायला आठवडा तरी लागणार होता, आणि सोमवार त्याच्या आधी होता.

दुपारी ते आले. गल्लीत त्यांना ‘दिल्लीवाले’ म्हणायचे, मीही तेच म्हणते. पस्तिशी ओलांडून चाळिशीकडे झुकलेले, इस्त्रीचा शर्ट, चालणं सावकाश. काका कुणी न सांगता उभे राहिले. दिल्लीवाले इंग्रजीत बोलायला लागले आणि काका आणखी ताठ झाले. मी इंग्रजी माध्यमातली. मला ती नुसतीच भाषा होती.

मी त्यांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं, कौतुकानं विचारतात तसं. त्यांनी सगळं सांगितलं. उपविभाग, जिल्हा, केंद्रात उपसचिव, परत राज्यात, पुन्हा दिल्लीत संचालक, आता सहसचिवपदाच्या यादीत. एक पायरी चुकली नाही. मला पाठ होता तो सगळा जिना त्यांनाही पाठ होता. ओळखपत्र मागितलं, तेही निघालं. त्यावर सिंह होते, शिक्का होता. खरं ओळखपत्र कसं असतं ते आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडे ‘मॅडम, आता पुरे’ अशा नजरेनं बघितलं.

तेवढ्यात मला शेंद्र्याची आठवण झाली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एकदा दिल्लीहून एक सचिव पाहणीला आले होते आणि मी त्यांच्या बंदोबस्तात होते. गळ्यात हार, पुढेमागे माणसं. गाडीत त्यांना फोन आला की त्यांच्याच बॅचच्या कुणाला तरी जास्त मोठं खातं मिळालं. त्यानंतर त्या गृहस्थांना एकही कारखाना दिसला नाही. हार मांडीवर घेऊन ते एकेक पाकळी खुडत बसले. एवढ्या उंचीवर पोचलेला माणूस, पण कोण पुढे गेलं हे त्याच्या अंगात काट्यासारखं रुतलेलं होतं.

मी विचारलं, “सर, तुमच्या बॅचमधून आधी दिल्लीत कोण गेलं?”

“गेले असतील बरेच.”

“सहसचिवाच्या यादीत तुमच्याआधी कुणाचं नाव लागलं?”

ते प्रसन्न हसले. “आम्ही सगळे मित्र आहोत. ज्याचं त्याचं नशीब. मला सगळ्यांचा आनंदच वाटतो.”

“तुम्हाला हवा होता तो जिल्हा दुसऱ्या कुणाला मिळाला, असं कधी झालं?”

“छे. मला सगळे जिल्हे सारखेच.”

मी बाहेर आले. काका मागोमाग आले. “मॅडम, साधू हाय का हो हा माणूस?”

निरीक्षकांच्या खोलीत मी एवढंच म्हणाले, “सर, याला बॅचमधल्या कुणाचाच हेवा वाटत नाही.”

ते वैतागून काहीतरी बोलणार होते, पण थांबले. “माझ्या बॅचचा एक जण माझ्याआधी डीवायएसपी झाला,” ते हळू म्हणाले. “त्याच्या पार्टीत काय जेवलो ते अजून आठवतं मला. वांग्याची भाजी होती. खारट.” मग खुर्ची मागे सरकवून उठले. “चला. मी पण बसतो.”

आम्ही दोघं आत गेलो. मी विषय बदलला. त्यांना म्हणाले, “सर, तुमच्या होणाऱ्या पत्नीचं अभिनंदन राहिलंच. तलाठी झाल्या ना? पहिल्याच प्रयत्नात?”

चहाचा कप ओठांपर्यंत गेलेला तिथंच थांबला.

“तलाठी म्हणजे काय मोठं,” ते म्हणाले. इंग्रजी संपली होती. “हल्ली कुणीबी होतं. नशीब असतं एकेकाचं. पेपर सोपा निघाला असंल.”

“अवघड असतो म्हणतात.”

“अवघडच असतो!” त्यांनी कप बशीत आपटला. “तुम्हाला काय माहीत? मी तीनदा...”

निरीक्षकांनी पंख्याचा वेग कमी केला, म्हणजे आवाज कमी होईल.

मग दिल्लीवाल्यांनी स्वतःच सांगितलं. दिल्लीत कितीतरी वर्षं अभ्यासिकेत काढली. एकदा घरी फोनवर बोलून गेले की झालो पास, आणि तिथून परत फिरता आलं नाही. इकडे येऊन गुपचूप तीनदा तलाठ्याची परीक्षा दिली, तीही जमली नाही. गाडी भाड्याची, पाटी छापून घेतलेली. “ती रोज विचारायची, तुमचं पहिलं पोस्टिंग कुठं होतं म्हणून,” ते म्हणाले. “अन् तिच्या पर्समध्ये खरी ऑर्डर. पहिल्या फटक्यात. मॅडम, ती ऑर्डर मला बघवत नव्हती.”

पंचांसमक्ष पाटी आणि ओळखपत्र जप्त केलं. लोकसेवक असल्याची बतावणी केल्याचा गुन्हा दाखल झाला. दिल्लीचं उत्तर आठवड्यानं आलं, या नावाचा कुणी अधिकारी नाही म्हणून.

संध्याकाळी दोघी बहिणी ठाण्यात आल्या. धाकटीला मी सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, थोरलीकडे बघत होती.

“बरं वाटलं असंल तुला,” धाकटी म्हणाली.

“वाटलं,” थोरली म्हणाली. “थोडं वाटलं. आता रडायचं तेवढं रड. सोमवारी सकाळी तयार ऱ्हा, मी गाडीवर सोडते.”

“मी नाय जाणार. लोक हसतेन.”

“हसतेन. अन् मग सातबारा मागायला तुझ्याच दारात येतेन. तव्हा तू हस.”

धाकटी हसली नाही. पण जाताना तिनं थोरलीच्या हातातलं हेल्मेट घेतलं.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. खबर देणारा जळतोय म्हणून त्याची खबर खोटी ठरत नाही. उलट तो नीट बघतो. आणि माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्याच्या पाटीवरून, कपड्यांवरून, भाषेवरून कळत नाही. त्याला कुणाचा हेवा वाटतो ते बघावं. हेवा नेहमी आपल्याच पायरीवरून पुढे गेलेल्या माणसाचा वाटतो. सचिवाला सचिवाचा, निरीक्षकाला निरीक्षकाचा. दिल्लीवाले अख्ख्या देशाच्या सहसचिवांना उदार मनानं शुभेच्छा देत होते, आणि एका तलाठ्याच्या नेमणुकीनं त्यांचा कप बशीत आपटला.

सोमवारी दुपारी थोरलीचा फोन आला.

“मॅडम, झाली बघा हजर. पाचोडकडच्या गावांचा सज्जा मिळाला तिला. मी बाहेर उभी होते, अन् एक म्हातारा आतापासूनच तिला साहेब साहेब करायला लागला.” मग म्हणाली, “लई जळतंय मला.”

“आता घरी जाणार ना?”

“कुठलं घरी! तिला घेऊनच जाणार. तोवर बसते इथंच, बघत.”