टोपांना चिकटवलेले बारकोड

भिवंडीच्या गोदामात मी नऊ वर्षं काढली. काम एकच. खोक्यावरच्या बारकोडसमोर मशीन धरायचं आणि बटण दाबायचं. टीं वाजलं की पुढचं खोकं. गावी मात्र मी कॉम्प्युटरवर असतो असं सांगायचो, आणि सांगून सांगून मलाच ते पटलं होतं.

गोदाम बंद पडलं तेव्हा मी खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर परत आलो. पाड्यातल्या बायकांच्या गटाकडे लग्नाला द्यायची भांडी आणि साठ प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. सगळं गौराबाई सांभाळतात. दर लग्नानंतर एखादा टोप, दोन-चार खुर्च्या कुठल्या तरी भलत्याच पाड्यावर राहायच्या आणि गौराबाई दोन दोन दिवस घरोघरी विचारत हिंडायच्या. मी म्हटलं, काकी, हे माझ्यावर सोडा.

जव्हारहून बारकोडची स्टिकरं छापून आणली. एकेका टोपाला, परातीला चिकटवली आणि मोबाइलवर टीं टीं करून दाखवलं. बायका कौतुकाने बघत होत्या. मी गरजेपेक्षा जास्त वेळ दाखवलं.

पहिलंच लग्न सूर्यमाळला होतं. भांडी परत आली ती लखलखीत. राखेने घासलेली, एकावरही स्टिकर नाही. एक मात्र सापडलं होतं. ते नवऱ्याच्या मामाला वरणात मिळालं, आणि त्याने ते जपून माझ्यासाठी पाठवलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? गोदामातल्या जुन्या दोस्ताकडून आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लहरींवर ओळखले जाणारे टॅग आणि ते वाचायचं मशीन मागवलं. यात प्रत्येक नगावर मशीन धरावं लागत नाही, लांबूनच सगळी मोजणी होते, असं मी गटाच्या बैठकीत समजावलं. टॅग भांड्यांच्या कानाखाली डिंकाने पक्के बसवले, मशीन रोखलं आणि बटण दाबलं. टीं. पडद्यावर आकडा आला, एक. पुन्हा दाबलं, पुन्हा एकच. तो एक टॅग माझ्या शर्टाच्या खिशात राहिला होता.

गौराबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे कमलेश आहे. भांडी गेली."

दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, स्टीलला चिकटवलेला साधा टॅग वाचलाच जात नाही, हे गोदामात पोरासोरांनाही ठाऊक होतं. मग त्याने विचारलं, "नऊ वर्षं तू नक्की काय करत होतास?" मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला.

त्या रात्री जेवण गेलं नाही. माझी बायको जयवंती म्हणाली, "खुर्च्या तर प्लास्टिकच्या आहेत ना?" हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साठही खुर्च्यांच्या बुडाला टॅग लावले. पुढे साखरशेतच्या लग्नानंतर टेम्पो भरताना मशीनने छप्पन्न दाखवल्या. उरलेल्या चार मांडवामागे पाण्याच्या पिंपाजवळ पालथ्या पडलेल्या सापडल्या, आणि मी त्या स्वतः उचलून आणल्या. भांड्यांवर गौराबाईंनी बाजारातल्या नाव घालणाऱ्याकडून नंबर ठोकून घेतले. ते घासून जात नाहीत.

आता लग्नाच्या याद्या मीच करतो. पाड्यावर मला कोणी विचारलं की काय करतोस, तर खुर्च्या मोजतो असं सांगतो.