मानेतल्या रक्ताचा आवाज

डॉप्लरच्या खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. कोथरूडला साठे सरांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी त्यांची असिस्टंट डॉक्टर होते. मानेवर जेल लावून प्रोब टेकवला की रक्त वाहताना स्क्रीनवर दिसतं आणि ऐकूही येतं. स्वतःचं रक्त ऐकलं की माणसं भलतंच बोलून जातात.

एक निवृत्त हेडमास्तर पत्नीसह आले. आवाज सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा माझाच ना?"

"हो, सर."

"छान. आज कोणीतरी ऐकतंय."

बाई हसल्या नाहीत. तपासणी झाल्यावर पदराने त्यांच्या मानेवरचं जेल पुसत राहिल्या.

साठे सरांना आजार अगदी सुरुवातीला पकडायचा ध्यास होता. वाघोलीच्या एका शेतकरीबाबांना ते समजावत होते, "मानेतली रक्तवाहिनी दुभागते ना, तिथे बाहेरच्या कडेला रक्त रेंगाळतं, गोल फिरतं. भिंत आधी तिथेच खराब होते. पाटाला फाटा फुटतो तिथे गाळ बसतो, तसं."

"पाट उपसता येतो. ह्याला काय करायचं?"

"गोळ्या, चालणं आणि तंबाखू बंद."

"ती सुटली हाय. पोरगा गेला तवापासून तोंडाला कशाचीच चव न्हाई."



एक आयटीतला मुलगा आला होता. वडील ऐन चाळिशीत हार्ट अटॅकने गेलेले. सर म्हणाले, "इथे रक्त फिरतंय, पण भिंत अजून गुळगुळीत आहे. सिगरेट मात्र आजच सोड."

"सर, याची प्रिंट मिळेल? आईला दाखवतो. मी झोपलो की ती श्वास चालू आहे का बघायला येते."

आणि रफीकभाई. कॅम्पातले टेलर. त्यांची रक्तवाहिनी इतकी अरुंद झाली होती की रक्त शिट्टी वाजल्यासारखं धावत होतं. पत्नी जुबेदाभाभी शेजारी बसून ऐकत होत्या. ऑपरेशन ठरलं, पण त्याआधीच पक्षाघाताचा झटका आला आणि ते गेले.

काही आठवड्यांनी भाभी एकट्याच आल्या.

"डॉक्टरसाहेब, यांचा त्या दिवशीचा आवाज मशीनमध्ये आहे का?"

"आवाज राहत नाही, भाभी. फक्त चित्रं राहतात," सर म्हणाले.

त्या चप्पल काढून तपासणीच्या टेबलावर आडव्या झाल्या.

"मग माझा ऐकवा."

सरांनी प्रोब टेकवला, आवाज मोठा केला. भाभींनी डोळे मिटले.

"माझं किती सावकाश चाललंय," त्या म्हणाल्या. "यांचं फार घाईत होतं."