वहिनीनं जमवायला लावलेलं कापड

शेवटच्या भेटीतही वहिनी माझ्याशी खोटंच बोलली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात खाटेवर पडली होती, आवाज पार खोल गेलेला. अशा वेळी माणसानं काय बोलावं याची अक्कल मला साठी ओलांडली तरी आलेली नाही. मी विचारलं, "वहिनी, आईच्या गोधडीचं काय झालं?" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मृत्युपत्रच काढून बसलोय. वहिनी मात्र हसली. म्हणाली, "जमून राहिलं भाऊजी... थोडंसं कापड कमी पडते." त्याच आठवड्यात ती गेली. आता दीडेक महिना होत आला. लोक असे लेख दुःखानं लिहितात, मी रागानं लिहायला बसलोय. वहिनीला चालेल. माझा राग तिनं कधी मनावर घेतलाच नाही.

यशोदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव करडी. धान कापून झालं, की आसपासच्या गावांतल्या बायका जुनी कापडं घेऊन तिच्या ओसरीत यायच्या आणि ती जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून गोधड्या शिवायची. माझी आई वारली त्याच सुमारास भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा जिल्हा झाला. कचेरीतल्या कपाटांबरोबर माझीही वाटणी झाली आणि मी गोंदियाच्या वाट्याला गेलो. आईचा फोटो नव्हता. फोटोवाला दिसला की ती पदर तोंडावर ओढून आत जायची. मागं राहिली ती तिची लुगडी... एक हिरवं, एक जांभळं, आणि विहारात जाताना नेसायचं पांढरं. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली, की हातात धरली तर धरल्यासारखी वाटत नसत. मी ते गाठोडं वहिनीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणालो, "याची एक गोधडी करून दे. दुसरं काही नको मला."

वहिनीनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला. मग म्हणाली, "लगेच नाही होत जी. नुसत्या लुगड्यायची गोधडी पातळ होते. वरून पायजे, मधात भरायले पायजे. पहिले कापडाचा साठा करा तुम्ही."

झालं. तिथून माझा कापडांचा संसार सुरू झाला. पहिल्या खेपेला मी दुकानातून कोरं सुती कापड घेऊन गेलो. छाती फुगवून. वहिनी म्हणाली, "कोरं कापड जुन्याले ओढते न् फाडते. धुतलेलं, अंगावर वापरलेलं आणा." मी टेरिकॉटच्या पँटी नेल्या. "हे घसरते. सुई धरत नाही." कचेरीत एका समारंभाचा कापडी फलक टाकून दिला होता, तो घडी करून नेला. तिनं उलगडून पाहिला. "बाप्पा! याच्यावर तं मंत्र्याचं नाव आहे. रातभर कोण झोपन याच्याखाली?" एकदा बायकोची साडी जुनी समजून नेली. ती जुनी नव्हती, जपून ठेवलेली होती. हा फरक मला घरी परतल्यावर समजावून सांगण्यात आला, आणि त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. गोंदियातल्या शिंप्यांकडे मी कातरण मागत फिरायचो. तुमसरला आगगाडीतून उतरून एसटीत गाठोडं चढवताना कंडक्टरनं विचारलं, "धोबी का जी?" मी हो म्हणालो. खरं सांगण्यात आणखी दोन थांबे गेले असते.

मी बोचकं सोडलं, की वहिनी एकेक तुकडा उजेडात धरायची, वास घ्यायची, ताणून पाहायची आणि नावं ठेवली तरी शेवटी आपल्या कापडांच्या पेटीत टाकायची. वरून मला शिकवायची. "साठा असला तं रंग निवडता येते भाऊजी. नसला तं हाती लागन ते जोडा." मला हे इतकं पटलं, की मी ते कचेरीत, लग्नात, मयतीला, कुठंही सांगायला लागलो. साठा कसा करावा, किती करावा, कडुनिंबाचा पाला कधी बदलावा... शिवता मला शर्टाचं बटनही येत नाही. बायको म्हणायची, "वहिनींनी तुम्हाला कामाला लावलंय." मी म्हणायचो, "तुला त्यातलं कळत नाही." मी निवृत्त झालो, तरी कापड जमूनच राहिलं होतं.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडळी जेवून पांगली. मी पुतण्याच्या बायकोला, मायाला म्हणालो, "पेटी उघड पोरी. आता जी काय झाली असेल, तशीच अर्धी नेतो." तिनं झाकण उघडलं. आत माझं कापड होतं. सगळं! टेरिकॉटच्या पँटी, शिंप्यांची कातरणं, मंत्र्याच्या नावाचा फलक, बायकोची साडीसुद्धा. नीट घड्या, मधेमधे पाला. एका तुकड्याला सुई लागलेली नव्हती. मी तळापर्यंत हात घातला. लुगडी नव्हती.

माया म्हणाली, "काकाजी... मले वाटलं, तुमाले मालूम असन."

"काय मालूम असन?"

"आजीची लुगडी तं त्याच साली लागली म्हणे. मऊ सूत होतं नं. लोकाईच्या गोधड्यायमंदी, मधल्या थराले."

मी पेटीजवळच खाली बसलो. लोकांच्या गोधड्यांत! म्हणजे मी ज्या दिवशी कोरं कापड घेऊन छाती फुगवून आलो होतो, तेव्हा आई आधीच कुणाकुणाच्या खाटेवर जाऊन पडली होती.

"मंग मले येवढं कापड कायले आणाले लावलं तिनं? साठा करा, साठा करा..."

"मले तं उलटंच सांगत सासूबाई. कापड साठवू नको माया, पेटीत कुजते. आलं तसं लावून टाकायचं." तिनं खाली पाहिलं. "मीबी इचारलं होतं, काकाजीले खोटं काहून बोलता? तं म्हणे, खरं सांगितलं तं भांडून जातीन, मंग येणार नाही."

मी भांडायला तोंड उघडलं. भांडायचं कुणाशी? तेवढ्यात मायानं उरलंसुरलंही सांगून टाकलं. "आजीनंच सांगून ठेवलं होतं सासूबाईले. माह्ये लुगडे लहान्याच्या हाती देऊ नको, कातरून टाक. तो पेटीत ठेवन न् रोज काढून रडत बसन."

लहान्या म्हणजे मी. म्हणजे वहिनी एकटी नव्हती. माझ्या आईनं जाता जाता माझ्याविरुद्ध कट केला होता आणि वहिनीनं तो मरेपर्यंत पाळला. माझ्याशी मात्र चहा पाजून, पाठीवर हात ठेवून, दर भेटीला खोटं बोलली. मी विचारलं, "कोणाकोणाच्या गोधडीत गेली, तेवढं तरी सांग." माया पेटीचं झाकण लावत म्हणाली, "ते नाही सांगत. तुम्ही जाऊन उसवसान, म्हणल्या होत्या."

उसवलं असतंच मी. हेही तिला ठाऊक होतं. याचाच संताप होतो.

आता मला एक वाईट खोड लागली आहे. करडीच्या बाजूला कुणाच्याही घरी गेलो, की खाटेवरच्या गोधडीचा कोपरा चिमटीत धरून पाहतो. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्याकडे दुपारचं जेवण झालं आणि माझा हात गेलाच. टाका वहिनीचा होता; ओळ संपली की दोरा न तोडता ती तसाच वळवून आणायची. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. मी दाबून पाहिलं, कान लावून पाहिला, अगदी वासही घेतला. घरची म्हातारी दारातून पाहत होती.

"थंडी वाजून राहिली का जी तुमाले?"

भर दुपार होती. मी हो म्हणालो. तिनं ती गोधडी माझ्या अंगावर टाकली, पायाकडून खोचून दिली आणि आत गेली. वहिनीला काय काय बोलायचं ते मी ओळीनं मनात मांडायला घेतलं, पहिल्या खेपेपासून... आणि तिसऱ्या खेपेपर्यंतही पोचलो नसेन, तोच मला गाढ झोप लागली.